उन्हाचा रकाना

साळुंखे आला तेव्हा मी दाढी करत होतो. ड्रायर कंपनीचा माणूस सकाळी साडेनऊला न सांगता दारात उभा राहतो आणि वर म्हणतो, "काका, निवांत होऊ द्या." अर्ध्या गालावर फेस असलेल्या माणसाला हे सांगायचं. त्याच्या मागे रजनी झांबरे होती, आमच्या सावद्याच्या महिला गटाची नवी अध्यक्ष. जुनी अध्यक्ष माझी बायको कोकिळा. तिला जाऊन तेव्हा एक महिना आणि दोन दिवस झाले होते.

"या," मी म्हटलं. "चहा मिळणार नाही. करणारी गेली, आणि मी केलेला तुम्हाला पिववणार नाही."

"मी करते भाऊ," रजनी म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्याच्या घरात डबे उघडायची तिची ही सवय मला कधीच आवडली नाही. कोकिळा असताना चालून जायचं.

मी तोंड धुऊन आलो तोवर साळुंखे माझ्या खुर्चीत बसला होता. पंचविशी-तिशीतला पोरगा. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, जसं काही ते नसतं तर स्वतःलाच विसरला असता.

"परवाची मीटिंग आहे ना काका, तालुक्याहून निकुंभ साहेब चौकशीला येणार आहेत, तिच्या आधी आपण घरच्या घरी मिटवून टाकू," तो म्हणाला आणि त्याने एक कागद पुढे केला.

कागदावर लिहिलं होतं की सोलर ड्रायरमध्ये काहीही दोष नाही. गटाच्या तत्कालीन अध्यक्षांनी ढगाळ हवामानात माल वाळायला घातल्यामुळे मालाला बुरशी आली. खाली रजनीच्या सहीची जागा. सही केली की कंपनी ड्रायरची मोफत दुरुस्ती करून देणार होती. ज्यात दोष नाही त्याची दुरुस्ती.

"तत्कालीन अध्यक्ष म्हणजे कोकिळा," मी म्हटलं.

"नाव कुठे घातलंय काका? आम्ही मुद्दामच नाव घातलं नाही."

मोठे उपकार केले. गटात तेरा बायका. बिबड्या, उडदाचे पापड, कुरडया. चाळीस वर्षं कोकिळा गच्चीवर माल वाळवत आली. सकाळी पत्र्यावर पालथा हात ठेवायची आणि सांगायची, आज बिबड्या दोनपर्यंत होतील, किंवा आज पीठ शिजवूच नका. बाकीच्या बायका तिला विचारल्याशिवाय चूल पेटवत नसत. त्या बाईला हे लोक सांगत होते की तिला ढग दिसले नाहीत.

हे भांडण वर्षभराचं होतं. आदल्या मार्चमध्ये ड्रायर आला आणि पहिलाच माल बुरसला. जळगावच्या दुकानदाराने खोकी परत पाठवली, वर निरोप, आम्हाला माणसांना खायला घालायचंय. तेव्हा हाच साळुंखे सगळ्या बायकांसमोर कोकिळाला म्हणाला होता, "ताई, दुपारी बाराला पाचशे वॅट ऊन असेल तर आमचा ड्रायर वाळवणारच. तुमचं ऊन म्हणजे तुमचा अंदाज. आकडा आहे का?"

घरी येऊन कोकिळाने पुण्याला मुलीला फोन लावला. "वैशाली, ऊन मोजायचं काही मिळतं का गं?"

एप्रिलमध्ये वैशालीने हवामानाचं यंत्र पाठवलं. वाऱ्याच्या वाट्या, पावसाचं भांडं, आणि वेगळ्या छोट्या खोक्यात ऊन मोजणारा सेन्सर, बाटलीच्या झाकणाएवढा. तो सगळा जामानिमा गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारच्या पाइपावर बसला. एक डिस्प्ले स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर, आणि सगळी नोंद बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये.

"तुम्हाला आकडा हवा होता," मी साळुंखेला म्हटलं. "तिने ठेवलाय. दहा महिन्यांचा, दर पाच मिनिटांचा. कोणत्या तारखेचा माल बुरसला ते गटाच्या वहीत आहे. त्या तारखा लावा आणि बघा ढग होते का."

"दाखवा ना," तो म्हणाला. "पण काका, एक सांगतो. अंगाला चटका बसतो म्हणजे ऊन आहे असं नसतं. शास्त्रीय ऊन वेगळं."

शास्त्रीय ऊन. मी भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यात तेहतीस वर्षं मेकॅनिक होतो. माझ्या रिलेवर गाड्या पळाल्या. आणि हा मला ऊन शिकवत होता.

मी कॉम्प्युटर चालू केला. तो वैशालीच्या कॉलेजातला, सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो. तेवढ्या वेळात साळुंखे भिंतीवरच्या कोकिळाच्या फोटोकडे बघून "फार लवकर गेल्या" असं म्हणाला. फोटोखाली तोच कागद धरून.

प्रोग्राम उघडला. तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस. ओळीच्या ओळी आकडे. मी उजवीकडे सरकत गेलो. शेवटच्या रकान्याला आलो.

त्यात रेघा होत्या.

मी खाली गेलो. रेघा. मे महिना काढला, जून काढला, डिसेंबर काढला. प्रत्येक ओळीत आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा.

"बघू," म्हणून साळुंखेने माउस माझ्या हातातून घेतला. दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारल्या. एक यादी उघडली. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस, सगळ्यांच्या पुढे बरोबरची खूण. शेवटच्या ओळीत ऊन. तिच्यापुढचा चौकोन रिकामा.

तो हसला. "खूण करायची राहिली काका. हा सेन्सर वेगळा येतो ना, म्हणून त्याची खूण आपण करावी लागते. यंत्र वर मोजत होतं, डिस्प्लेवर दाखवतही असेल. पण लिहून ठेव म्हणून कॉम्प्युटरला कुणी सांगितलंच नाही. दहा महिने मोजलं आणि सोडून दिलं." मग त्याने मान वळवून विचारलं, "सेट कुणी केलं होतं हे?"

स्वयंपाकघराच्या दारात रजनी चहाचे कप घेऊन उभी होती.

"तिनेच," मी म्हटलं. "कोकिळानेच केलं होतं."

"ताईंनी?" रजनी म्हणाली.

"तिचा स्वभाव माहीत नाही का तुला? सगळं स्वतःच करायचं असायचं तिला."

रजनीने कप टेबलावर ठेवले. माझ्या कपातला चहा थोडा बशीत सांडला, तो तिने तसाच राहू दिला.

"मग प्रश्नच मिटला," साळुंखे म्हणाला. "यंत्रावरची एक खूण ज्यांच्याकडून राहते, त्यांचा उन्हाचा अंदाज..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. सभ्य माणूस.

"सही परवा साहेबांसमोरच करेन मी," रजनी त्याला म्हणाली.

दोघं निघाले. पायरी उतरता उतरता रजनी थांबली. "भाऊ, स्वयंपाकघरातलं जुनं कॅलेंडर काढू नका हं."

"का?"

"असू द्या. ताईंचं अक्षर आहे त्याच्यावर."

मी दार लावलं. महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांनी हेच चालवलं होतं. तिचा पोळपाट ठेवा, तिची कात्री ठेवा, तिचं अक्षर ठेवा. आणि परवा त्याच बायका तिला आंधळी ठरवणाऱ्या कागदावर माना डोलावणार होत्या.

सेटिंग मी केलं होतं. ते सांगून टाकतो.

एप्रिलमध्ये यंत्र आलं तेव्हा कोकिळा बरोबरचं पुस्तक घेऊन बसली होती आणि एकेक चित्र बघत होती. मी म्हटलं, ठेव ते, रेल्वेचे सिग्नल जुळवलेत मी. प्रोग्राम टाकला, पुढे, पुढे, पुढे असं दाबत गेलो आणि वीस मिनिटांत झालं म्हणून उठलो. मे महिन्यात ती एकदा कॉम्प्युटरपुढे बसली होती. म्हणाली, "अहो, यात उन्हाचा आकडा दिसत नाही. रेघाच आहेत."

मी पेपर वाचत होतो. पेपर खाली न घेता मी म्हटलं, "तो आतल्या आत नोंदला जातो. सातवी पास बाईला वाचता येत नाही म्हणून आकडा नाही असं होत नाही."

"असं होय," ती म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते कॅलेंडर काढायला स्वयंपाकघरात गेलो. रजनीने काढू नका म्हटलं होतं म्हणूनच गेलो. आमच्याकडे नवं कॅलेंडर जुन्याच्या वरच टांगतात, एकाच खिळ्याला. मी दोन्ही ओढली तर खिळाही निघून आला आणि चुना ओट्यावर पडला.

कॅलेंडरवर कोकिळा सगळं लिहायची. दुधाचा खाडा, सिलिंडरची तारीख, कुणाचं बारसं. शिवाय रोजच्या चौकोनात खाली उजवीकडे एक आकडा. ९१२, ८८०, ४१०. हे आकडे मी कित्येक महिने बघत होतो. ते पापडांचे आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. पावसाळ्यात पापड कमी, म्हणून आकडा कमी. उन्हाळ्यात जास्त. कधी विचारायचीसुद्धा गरज पडली नाही. मला पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टींत ही एक होती.

रद्दीत टाकण्याआधी पानं नुसती चाळत होतो. दिवाळीचं पान आलं. लक्ष्मीपूजन, ७०२. पाडवा, ६८८. भाऊबीज, ६९५.

दिवाळीत गट चार दिवस बंद असतो. लक्ष्मीपूजनाला कोणती बाई पापड लाटते?

मी ओट्याला टेकलो. डिसेंबर काढला. डिसेंबरमध्ये कोकिळा तीन दिवस भुसावळला दवाखान्यात होती. त्या तीन दिवसांत गट चालू होता, रजनीने एका लग्नाची मोठी ऑर्डर काढली होती, मला चांगलं आठवत होतं. ते तीन चौकोन रिकामे होते.

पापड झाले त्या दिवशी आकडा नाही. पापड झाले नाहीत त्या दिवशी आकडा आहे.

घड्याळात बाराला चार मिनिटं कमी होती. मी फ्रिजच्या वरच्या डिस्प्लेकडे बघत उभा राहिलो. त्यावर एका कोपऱ्यात छोटा सूर्य आहे आणि त्याच्यापुढे आकडा. बारा वाजता तो ७६४ होता.

ती रोज बाराला भाकरीचा तवा उतरवून, हात पुसून, तिथे उभी राहायची. मला वाटायचं घड्याळ बघते.

जानेवारीच्या नव्या कॅलेंडरवर आठ तारखेपर्यंत आकडे होते. आठला ६४१. नऊ तारखेला सकाळी साडेसातला ती गेली.

मी खिळा पुन्हा ठोकला नाही. कॅलेंडरं गुंडाळून पिशवीत घातली.

मीटिंग शाळेच्या जुन्या वर्गात होती, गटाचं काम तिथेच चालतं. कोपऱ्यात तो ड्रायर, वर काच, आत जाळ्या, बाजूला कंपनीचं हसऱ्या सूर्याचं चित्र. चित्रातला सूर्यच काय तो त्यात नीट चालत होता. निकुंभ साहेब अकराचे म्हणून पावणेबाराला आले आणि उशीर आम्ही केल्यासारखे बसले. बायका चटईवर, साळुंखे साहेबांच्या शेजारी खुर्चीवर.

साळुंखेने कागद वाचला. रजनी पेन हातात धरून बसली होती, पण टोपण काढलेलं नव्हतं.

"थांबा," मी म्हटलं आणि कॅलेंडरं टेबलावर पसरली. "हे बाराच्या उन्हाचे आकडे. मे ते जानेवारी. गटाची वही काढ रजनी, बुरसलेल्या मालाच्या तारखा वाच."

रजनीने तारखा वाचल्या. मी आकडे वाचले. मेपासून अकरा वेळा माल बुरसला होता. त्यांतल्या नऊ तारखांना आकडा पाचशेच्या वर होता. दोनदा तर नऊशेच्या वर.

"हे काय आहे?" साळुंखे म्हणाला. "साहेब, परवा यांनी मला कॉम्प्युटर दाखवला, त्यात उन्हाचा एक आकडा नव्हता. आज कॅलेंडर निघालं. हे काल घरी बसून लिहिलेलं नाही कशावरून?"

"अक्षर तिचं आहे. ती महिन्यापूर्वी गेली."

"मग आधी बसून लिहिलं असेल."

निकुंभ साहेबांनी चष्मा काढला. "माझा साधा प्रश्न आहे भंगाळे. घरात नोंद ठेवणारं यंत्र असताना बाईंनी आठ महिने हाताने का लिहिलं? कोण करेल असं?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. रजनी पेनाच्या टोपणाकडे बघत होती.

"कारण यंत्र नोंद ठेवत नव्हतं, आणि हे तिला माहीत होतं," मी म्हटलं.

"तुम्ही तर म्हणालात त्यांनीच सेट केलं," साळुंखे म्हणाला. "तुमच्या तोंडचे शब्द आहेत काका."

"खोटं बोललो. सेट मी केलं. खूण करायची माझ्याकडून राहिली. मे महिन्यात तिने मला सांगितलं, उन्हाच्या रकान्यात रेघा आहेत म्हणून. मी उठून बघितलं नाही. तिचं शिक्षण काढलं आणि गप्प केलं. म्हणून तिने लिहायला घेतलं. परवा तुझ्यासमोर माझी अब्रू जायला लागली तेव्हा मी ते तिच्या नावावर टाकलं. ती काही उत्तर द्यायला येणार नव्हती."

चटईवर कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. साळुंखे ओळखपत्राची दोरी ओढत बसला.

मी पिशवीतून दुसरे कागद काढले. "कॉम्प्युटरने पाऊस मात्र नोंदवलाय, त्याची खूण आपोआप होती. पावसाच्या तारखा छापून आणल्यात. हे कागद तुम्ही धरा साहेब, कॅलेंडर याच्याकडे द्या. तुम्ही दिवसभर पावसाची कोणतीही तारीख काढा. त्याने तिचा आकडा वाचावा."

"एकोणीस जुलै," साहेब म्हणाले.

साळुंखेला चौकोन सापडायला वेळ लागला. "शहाण्णव."

"सव्वीस ऑगस्ट."

"एकशे चाळीस."

"चार सप्टेंबर."

"एकशे अकरा," साळुंखे म्हणाला. त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची माझी हौस होती. ती मात्र पुरी झाली.

साहेबांनी आणखी तीन तारखा काढल्या आणि मग कागद खाली ठेवले. अहवालात त्यांनी काय लिहिलं ते नंतर मार्चमध्ये कळलं, कंपनीचा टेम्पो येऊन ड्रायर घेऊन गेला तेव्हा. झाकणाखाली हवा बाहेर पडायची वाटच कमी ठेवलेली होती, वाफ आतल्या आत राहायची. त्या दिवशी एवढंच झालं की रजनीने साळुंखेचा कागद दुमडून त्याच्या हातात दिला आणि पेन पर्समध्ये टाकलं.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं.

"कॅलेंडर काढू नका म्हणालीस. तुला माहीत होतं?"

"मे महिन्यापासून," ती म्हणाली. "ताईच म्हणाल्या, ते मशीन काही लिहून ठेवत नाही, मीच लिहिते. मी म्हटलं, भाऊंना सांगा ना. म्हणाल्या, सांगितलं एकदा, आता नाही. जन्मभर सिग्नल सांभाळले त्या माणसाने. एवढ्याशा खुणेवरून त्याचं तोंड उतरलेलं मला बघवणार नाही. तू पण बोलायचं नाहीस. गळ्याची शपथ घातली."

"म्हणजे परवा मी सांगत होतो तेव्हा तू..."

"चहा घेऊन उभी होते."

"तेव्हा तरी बोलायचंस."

"शपथ ताईंनी घातली होती, भाऊ. तुम्ही नाही. तुम्हाला कोणी अडवलं होतं?"

तिने चप्पल घातली.

"आणि आज मी बोललो नसतो तर?"

"तर सही केली असती," रजनी म्हणाली. "गटाला ड्रायर चालू हवाय. आणि तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवला नसता."

घरी आलो तेव्हा पावणेदोन झाले होते. कॉम्प्युटर चालू केला, यादी उघडली आणि शेवटच्या ओळीपुढे खूण केली. एक टिचकी. पाच मिनिटांनी रकान्यात पहिला आकडा आला, ७०४.

याला आता सहा वर्षं झाली. ऊन रोज नोंदलं जातं. वैशाली एकदा सुट्टीत आली होती, म्हणाली, "बाबा, आईचे कॅलेंडरवरचे आकडे मी त्या रिकाम्या ओळींत भरून देते. सगळं सलग होईल."

मी नको म्हटलं. आकडे कॅलेंडरवर आहेत, ते तिचे. त्या रेघा माझ्या आहेत.